डबल स्टँड

मंडळी, गेल्या वेळी पावसाळा आणि टायर यांवर लिहिलं होतं. त्यावर बेंगळुरूहून एका वाचक भगिनीचा निरोप आला. टायर राहिले बाजूला, त्यांनी विचारलं होतं, "माझे वडील म्हापशाला असतात. वय बहात्तर. अजून बुलेटच चालवतात. त्यांना थांबवू कसं?"

दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. कारण हाच प्रश्न गेल्या श्रावणात आमच्या घरी येऊन बसला होता आणि मी तो आधी साफ चुकीच्या पद्धतीने सोडवायला गेलो होतो. तेव्हा आजचा लेख त्या भगिनीसाठी, आणि ज्यांच्या घरी साठीपुढचं कोणीतरी अजून खुंटीवरची किल्ली उचलून बाहेर पडतं त्या सगळ्यांसाठी. तरुण मंडळींनीही वाचा, कारण गाडी निवडताना वय मोजावं लागतं हे आपल्याला शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

आम्ही वास्कोत मंगोर हिलला राहतो. बाबा मूळ डिचोलीकडचे. १९७९ साली मुरगाव बंदरात नोकरीला लागले आणि इथलेच झाले. तेव्हा शनिवारी गावी जायचं म्हणजे कुठ्ठाळीला फेरीबोटीने जुवारी ओलांडायची, मग पणजी, मग डिचोली. जुवारीवर पूल झाला तो १९८३ साली. त्यांची पहिली गाडी स्कूटर. तीही नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून मिळालेली. आई अजून म्हणते, "नंबर लावला तेव्हा आमचं लग्न ठरलं नव्हतं, आणि स्कूटर दारात आली तेव्हा तुझी ताई चालत होती."

१९९३ साली बाबांनी सेकंडहँड बुलेट घेतली. मी चार वर्षांचा होतो, ते सदतीस. लोकांना वाटतं बुलेट रुबाबासाठी घेतात. कॉलेजात असताना मलाही तसंच वाटायचं. एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "रुबाब कसला? ट्रकसाठी घेतली."

ज्यांनी खाणींच्या दिवसांतला डिचोलीचा रस्ता पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. लाल मातीने माखलेले ट्रक एकामागोमाग खाणीवरून नदीकाठच्या जेटीकडे धावायचे. पुढे तेच खनिज बार्जमध्ये भरून मुरगाव बंदरात यायचं. म्हणजे आठवडाभर बाबा ज्या खनिजाचे कागद बंदरात रंगवत, तेच शनिवारी रस्त्यावर त्यांच्या अंगावरून जायचं. भरलेला ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने स्कूटर हलायची. तिची चाकं दहा इंची, खड्ड्यात बसली की बसली. बुलेटची चाकं एकोणीस इंची आणि वजन १६० किलोच्या वर. मागे आई, मध्ये ताई, टाकीवर मी. (आज कोणी असं चौघांना बसवू नये, हे वेगळं सांगायला नको.) त्या वजनाने आम्हाला रस्त्यावर धरून ठेवलं, असं बाबा म्हणतात. बायको-पोरं मागे बसलेल्या सदतीस वर्षांच्या माणसाची ती निवड होती आणि ती बरोबर होती.

घोळ एवढाच झाला की बत्तीस वर्षांनी मागचं ओझं उतरलं. ताई लग्न होऊन पुण्याला गेली, मी माझ्या गाडीवर आलो, आईला गुडघ्यांमुळे मागे बसवेना. गाडीचं वजन मात्र तेवढंच राहिलं आणि ते पेलणारा माणूस एकोणसत्तरचा झाला.

खूण तशी आधीच दिसली होती, मला ती वाचता आली नाही. बाबांची बुलेट जन्मभर डबल स्टँडवर. साईड स्टँडवर लावलेली गाडी त्यांना आळशी माणसाची खूण वाटायची. वर्षभरापासून ती साईड स्टँडवर दिसू लागली. मी विचारलंही नाही. मग दामोदर भजनी सप्ताहाच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आईने विचारलं, "तुमच्या गाडीच्या हँडलला चिखल कसा?" चाकाला चिखल समजू शकतो. हँडलच्या टोकाला तो तेव्हाच लागतो जेव्हा गाडी आडवी पडते.

चढावर पुढची रिक्षा थांबली म्हणून बाबा थांबले, डावा पाय टेकला तो शेवाळ धरलेल्या चिऱ्यावर. पाय घसरला, गाडी कलली, आणि ती सावरण्यापुरतं बळ त्यांच्या हातात नव्हतं. वेग शून्य. दोन मुलांनी गाडी उचलून दिली. घोटा सुजला होता, तो त्यांनी तीन दिवस पायजम्याखाली लपवला.

त्या संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल. "विकून टाका ती गाडी." मीही तेच म्हणालो. एवढंच करून थांबलो नाही, दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या ऑफिसच्या बॅगेत घातली आणि गाडीचे चार फोटो काढून विक्रीला टाकले. बाबांना ते शेजाऱ्याकडून कळलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच. पाचव्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर निघालो होतो. खाली वळणावर बाबा दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्यात बाजाराची पिशवी, सुजका घोटा घेऊन पावसात चढ चढत होते. मी गाडी थांबवली. ते म्हणाले, "जा तू. मी येतो." मी म्हणालो, "बाबा, फोन करायचा ना, मी आणून दिलं असतं." त्यावर ते जे म्हणाले ते मला अजून बोचतं. "कधी? तुझी मीटिंग संपल्यावर? तोवर बांगडे उरतात होय रे बाजारात?"

तेव्हा कळलं की मी गाडी काढून घेतली नव्हती. मी त्यांची सकाळ काढून घेतली होती. बाजार, देवळातली बाकडी, बंदरातल्या जुन्या मित्रांचा कट्टा, वाचनालय, सगळं त्या एका किल्लीला टांगलेलं होतं. किल्ली परत खुंटीवर लावली आणि जाहिरात काढून टाकली. पण प्रश्न होता तिथेच होता.

तो सोडवला शेवटी एका पायलटने. बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी सांगतो: पायलट म्हणजे आपल्या गोव्यातली मोटारसायकल टॅक्सी चालवणारा. पुढचं मडगार्ड पिवळं, बाकी गाडी काळी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारमान्य असलेला हा धंदा. बाकीच्या शहरांत ॲपवरून बाइक टॅक्सी आली ती कितीतरी वर्षांनी. वास्कोच्या रेल्वे स्टेशनाबाहेर बाबांच्या ओळखीचा, त्यांच्याच वयाचा एक पायलट आहे. बाबांचा घोटा पाहून त्याने सगळं ओळखलं आणि हसत म्हणाला, "पात्रांव, मी बुलेट पन्नाशीला सोडली. मग शंभर सीसी घेतली. साठीनंतर स्कूटर. मी अजून रोज आठ तास चालवतो. तुम्ही सांगा, आपल्या दोघांत गाडी कोणी सोडली?"

हे वाक्य मी दहा वेळा बोललो असतो तरी बाबांनी ऐकलं नसतं. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने सांगितलं म्हणून ऐकलं. स्टँडवर जाऊन बघा, बहुतेक गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, हलक्या. रोज पन्नास वेळा थांबायचं, पाय टेकायचा, गाडी वळवायची, आडव्या बसणाऱ्या आजींना चढवायचं-उतरवायचं. तिथे रुबाब परवडत नाही.

आता थोडा इंजिनिअरपणा करतो. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन जमिनीवर असतं, आपल्या हातावर काहीच नाही. ती कलू लागली की भार हातावर येतो. वजनाचा मध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर धरून ढोबळ हिशेब केला, तर १६५ किलोची गाडी दहा अंश कलल्यावर हँडलपाशी सुमारे १४ किलोचा भार येतो. वीस अंशांवर २८. तीस अंशांवर ४१. म्हणजे गाडी आपल्याला सांगून पडत नाही. पहिले दहा अंश ती हलकी असते, पुढच्या वीस अंशांत, एका सेकंदात, भार तिप्पट होतो. १०५ किलोच्या स्कूटरचे हेच आकडे साधारण ९, १८ आणि २६. विशीतला मुलगा २८ किलो एका हाताने सावरतो. साठीपुढच्या माणसाला १८ जमतात, २८ जमतीलच असं नाही. आमच्या चढावर नेमकं तेच झालं. वेगात पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. वय झाल्यावर गाडी पडते ती बहुतेकदा उभ्या उभ्या.

डोळ्यांचंही तसंच. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेने 'चाळिशी' हे नाव उगीच दिलेलं नाही. पण लोक वाचनापुरतीच ती आठवतात. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. समोरून झगझगीत दिवा आला की त्यातून सावरायलाही जास्त वेळ लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी सात मीटर पुढे. पेडण्याकडे महामार्ग रुंद झाल्यापासून तिथे वाहनांचा वेगही वाढलाय, आणि जुना माणूस जुन्या सवयीने डाव्या अंगाने पन्नासने चाललेला असतो.

कायदाही हे ओळखतो. चाळिशीनंतर लायसन्सचं नूतनीकरण करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. आपण तो दाखला म्हणजे आणखी एक कागद समजून सही घेतो आणि सुटतो. खरं तर डोळे, मान, गुडघे यांची नीट तपासणी करून घ्यायची ती आयती संधी असते.

तर बाबा गाडी बदलायला तयार झाले. मी लगेच एक हलकी शंभर सीसीची मोटारसायकल सुचवली. मोठी चाकं, खड्ड्यांत बरी, ॲव्हरेजही चांगलं. इथे माझी दुसरी चूक होणार होती, ती बाबांनीच पकडली.

जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा, कारण तिची रचना मुळात जुन्या ब्रिटिश पद्धतीची. पुढे २०००नंतरच्या दशकात ती गाडीही बाकीच्यांसारखी झाली, गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. बाबांचा पाय बत्तीस वर्षं डावीकडे ब्रेक मारतोय. शांतपणे चालवताना माणूस नवी रचना शिकतो. पण अचानक समोर कुत्रं आलं तर डोकं विचार करत नाही, पाय जुन्या जागी जातो. नव्या मोटारसायकलवर त्या जागी गिअर असतो. म्हणजे ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडणार.

म्हणून गिअर नसलेली स्कूटर. तिथे दोन्ही ब्रेक हाताला, सायकलसारखे. तो हात बाबांना साठ वर्षांपासून माहीत आहे. शिवाय एप्रिल २०१९पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचे झालेत: एक लिव्हर दाबली की पुढचा-मागचा दोन्ही लागतात. तोटाही आहे, चाकं लहान, त्यामुळे आपल्या पावसाळी खड्ड्यांत जपून जावं लागतं. तुमच्या घरचे ज्येष्ठ जन्मभर डावीकडच्या गिअरची गाडी चालवत असतील तर त्यांना हलकी, मोठ्या चाकांची मोटारसायकलच बरी पडेल. थोडक्यात, वय किती हे विचाराच, पण त्यांच्या पायाला काय माहीत आहे हेही विचारा.

तरी महिना लागला. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर आम्ही सराव करायचो. पहिल्या दिवशी तासभर बाबांचा डावा पाय स्कूटरच्या पाटावर ब्रेक शोधत होता. "गाडी आहे की आरामखुर्ची?" असं म्हणाले. चौथ्या रविवारी स्वतःच मासळी बाजारापर्यंत नेली.

या सगळ्यात मी माझ्या गाड्यांकडे पाहू लागलो. मला पहिली गाडी मिळाली ती पेडण्याच्या मामाची आरएक्स-१००. १९८५च्या सुमाराला शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आपल्याकडे आल्या, त्यातलीच ही एक. टू-स्ट्रोक, हलकी, उडणारी, आणि आवाज असा की मुलगी वळून बघेलच अशी खात्री. (कोणी बघितलं नाही. तेलाचा धूर मात्र शर्टाला चार वर्षं चिकटून राहिला.) फर्मागुडीला इंजिनिअरिंगला जाताना बोरीच्या पुलावर मी ती कशी चालवायचो ते आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. नोकरी लागल्यावर पहिल्या हप्त्यावर पल्सर. लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली, "या सीटवरून मी सारखी पुढे घसरते." त्याआधी सात वर्षं ती गाडी माझ्याकडे होती आणि मागची सीट कशी आहे हे मला माहीतच नव्हतं. आता मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४०च्या वर नको, असा नियम २०२३पासून लागू आहे. चाळीसच्या वेगाला किती सीसी लागतात? म्हणून सध्या माझी रोजची गाडीही स्कूटरच.

बघा, गंमत अशी आहे की आजची मुलं अठराव्या वर्षी स्कूटरवरच शिकतात, पंचविशीत मोटारसायकलवर जातात आणि मूल झालं की परत स्कूटरवर येतात. बाबांच्या पिढीला जी जागा मिळायला साठी लागली, तिथे आपण तिशीतच एकदा जाऊन येतो. त्यामुळे स्कूटर म्हणजे म्हातारपण ही समजूत आता जायला हरकत नाही.

उलटा प्रवासही आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. वयाबरोबर काही जणांची गाडी मोठी होत जाते. विशीत पैसे नव्हते, तिशीत कर्ज होतं, पंचेचाळिशीत दोन्ही प्रश्न सुटले की मनात राहिलेली गाडी दारात येते. दर वर्षी नोव्हेंबरच्या आसपास वागातोरला बुलेटवाल्यांचा जो मेळा भरतो तिथे डोक्यावर केस असलेले आणि नसलेले सारखेच दिसतात. जगभर हेच आहे. अमेरिकेतल्या मोटारसायकल उद्योगाच्या पाहणीत गाडीमालकांचं मध्यम वय १९९०मध्ये ३२ होतं, ते २०१८मध्ये ५० झालं. म्हणजे तिथली एक पिढी गाडीसकट म्हातारी झाली. हार्ले-डेव्हिडसनने २००८मध्ये कारखान्यातूनच तीन चाकांची गाडी बाजारात आणली, ज्यांना मोठी गाडी सोडवत नाही पण थांबल्यावर पेलवतही नाही त्यांच्यासाठी. जपानमध्ये तरुणपणी गाडी सोडून पन्नाशीत पुन्हा घेणाऱ्यांना 'परतलेले चालक' अशा अर्थाचं वेगळं नावच आहे.

हौस चुकीची नाही. धोका मधल्या वीस वर्षांचा आहे. गाडी चालवता येते ही आठवण ताजी असते, अंगातली सवय मात्र गेलेली असते, आणि नव्या गाडीची ताकद जुन्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट असते. असे कोणी मित्र असतील तर त्यांना एवढंच सांगा की पहिल्याच आठवड्यात चोर्ला घाट नको. आधी महिनाभर गावात, रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक आणि वळणं.

मलाही एक उंच, घाटात फिरायची गाडी हवी आहे. आधी ठरवलं होतं, मुलीचं शिक्षण झालं की घेऊ. बाबांच्या प्रकरणानंतर विचार बदलला. जड गाडी पेलायची वर्षं आत्ता आहेत. पंचावन्नला पैसे असतील, मनगट असेलच असं नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांत घ्यायची, सुट्टीपुरती, आणि वेळ आली की न कुरकुरता खाली उतरायचं. बायकोने यावर अजून सही केलेली नाही.

आता त्या वाचक भगिनीसाठी, आणि चवथीला घरी जाणाऱ्या सगळ्यांसाठी, पाच गोष्टी बघायच्या. आल्या आल्या भाषण देऊ नका, फक्त बघा. गाडी डबल स्टँडवर लागते आहे की साईड स्टँडवर आली आहे? हँडलच्या, लिव्हरच्या टोकांवर नवे ओरखडे आहेत का? गाडी उभी असताना दोन्ही पाय पूर्ण टेकतात का? गेटमधून आत येताना एका झटक्यात वळतात, की उतरून ढकलतात? संध्याकाळनंतरची कामं हळूहळू सकाळवर गेली आहेत का? यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर विषय काढायची वेळ झाली आहे.

आणि विषय काढताना "आता बस झालं" असं म्हणू नका. "अजून दहा वर्षं चालवायची तर कुठली घ्यायची?" असं विचारा. प्रश्न तोच आहे, पण पहिल्यात तुम्ही किल्ली मागता, दुसऱ्यात सल्ला मागता. अर्थात डॉक्टरांनीच गाडी बंद करायला सांगितली असेल, चक्कर येत असेल, नजर फारच गेली असेल, तर गाडी बंदच व्हायला हवी. पण मग त्यांच्या सकाळचं काय, याचं उत्तर घरातल्यांनी आधी तयार ठेवायला हवं. बांधलेली रिक्षा, ठरलेला पायलट, शेजारचा मुलगा, काहीही. "फोन करा, मी येतो" हे उत्तर नाही. मी ते देऊन पाहिलंय.

बुलेट आमच्याकडेच आहे. मी उजव्या पायाने गिअर टाकायला शिकतोय. मुलीला आईपाशी ठेवून महिन्यातून एकदा आम्ही दोघं डिचोलीला जातो, मी पुढे, बाबा डबलसीट. माझा पाय चुकला की मागून खांद्यावर टपली पडते. रस्त्यावर पूर्वीसारखे ट्रक नाहीत, पण एखादा शेजारून गेला की गाडी अजूनही हलत नाही.

घरी आल्यावर ती डबल स्टँडवर मी लावतो. बाबा शेजारी त्यांची स्कूटर लावतात, एका पायाने, आणि मला दम लागलेला बघत उभे राहतात.